परभाषेतील स्वदेश : होसे रिसालचे चरित्र

फिलिपीन्सच्या स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात ज्याचे नाव सर्वप्रथम घेतले जाते तो होसे रिसाल (१८६१–१८९६) व्यवसायाने नेत्रवैद्य आणि प्रतिभेने कादंबरीकार होता. कोणत्याही सैन्यात तो कधी लढला नाही. त्याच्या दोन्ही कादंबऱ्या राज्यकर्त्यांच्या, म्हणजे स्पॅनिश, भाषेत लिहिलेल्या असून ती भाषा वाचू शकणारे लोक त्याच्या देशात अत्यल्प होते. भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना ही अडचण अपरिचित नाही. बंकिमचंद्रांनीही आपली पहिली प्रकाशित कादंबरी १८६४ मध्ये इंग्रजीत लिहिली आणि मग ते बंगालीकडे वळले. रिसाललाही असेच वळावयाचे होते. परंतु त्याला तेवढे आयुष्य लाभले नाही.

त्याचा जन्म १९ जून १८६१ रोजी लुझॉन बेटावरील कलांबा या गावी झाला. अकरा भावंडांत तो सातवा. कुटुंब सुखवस्तू होते, पण कसत असलेली जमीन डोमिनिकन धर्मसंघाच्या मालकीची असून ती त्यांनी खंडाने घेतली होती. आई तेओदोरा सुशिक्षित होती व मुलाचा अक्षरपरिचय तिच्याच हातून झाला. १८७१ मध्ये विषप्रयोगाच्या खोट्या आरोपावरून तिला अटक झाली, प्रांताच्या राजधानीपर्यंत पायी चालविण्यात आले आणि दोन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात ठेवण्यात आले. पुढच्याच वर्षी काविते येथील सैनिकांच्या बंडाचे निमित्त करून गोमेस, बुर्गोस व सामोरा या तीन देशी धर्मगुरूंना मनिलाच्या बागुम्बायान मैदानावर गळा आवळून देहान्त शिक्षा देण्यात आली. होसेचा थोरला भाऊ पासिआनो हा बुर्गोसच्या निकटचा असल्याने घराण्याचे मर्कादो हे नाव संशयास्पद ठरले होते. म्हणून मनिलातील जेझुइटांच्या शाळेत धाकट्याचे नाव रिसाल असे नोंदविण्यात आले. ज्या नावाने तो पुढे ओळखला गेला, त्या नावाचा उगम असा भयात आहे.

१८८२ मध्ये तो स्पेनला गेला. माद्रिद येथे त्याने वैद्यक व साहित्य यांचे शिक्षण घेतले. पॅरिस व हायडेलबर्ग येथे नेत्रचिकित्सेचा विशेष अभ्यास केला. मार्च १८८७ मध्ये बर्लिन येथे ‘नोली मे तांगेरे’ ही त्याची पहिली कादंबरी छापून झाली. प्रती दोन हजार होत्या आणि छपाईचा खर्च माक्सिमो व्हिओला या मित्राने दिलेल्या पैशातून भागला. युरोपातून शिकून आलेला इबारा गावात शाळा बांधू पाहतो व धर्मसंघाच्या सत्तेपुढे त्याचा सर्वनाश होतो, हे तिचे कथासूत्र. मनिलातील अधिकाऱ्यांनी तिच्यावर बंदी घातली. आता प्रती चोरून आणाव्या लागत, आणि बंदीमुळे तिच्याविषयीचे कुतूहल वाढले.

ही कादंबरी सिद्ध होत असतानाच, १८८६ मध्ये, रिसालने भावाच्या इच्छेवरून शिलरच्या ‘विल्हेल्म टेल’ या जर्मन नाटकाचे तागालोगमध्ये भाषांतर केले. परकी सत्ता झुगारून देणाऱ्या स्विस शेतकऱ्यांची ही कथा मातृभाषेत आणताना तो वारंवार अडखळला. स्वातंत्र्य या कल्पनेला प्रतिशब्दच त्याला सुचेना. अखेर तो त्याला मिळाला तो स्वतःच्याच एका जुन्या स्पॅनिश निबंधाच्या तागालोग अनुवादात. मार्सेलो देल पिलारने केलेल्या त्या अनुवादात ‘कालायाहान’ असा शब्द होता. ही हकीकत त्याने भावाला पत्राने कळविली. मातृभाषेच्या गौरवाची एक कविता रिसालने आठव्या वर्षी लिहिली असे दीर्घकाळ मानले जाई व शाळाशाळांतून ती पाठ करविली जाई. त्या कवितेत हाच शब्द येतो. पंचविसाव्या वर्षी ज्याला तो शोधावा लागला त्याने आठव्या वर्षी तो योजला असणे संभवत नाही, म्हणून ती कविता त्याची नव्हे असे आज अनेक संशोधक मानतात. आपल्याच भाषेत आपण परके आहोत, ही जाणीव मात्र त्याची स्वतःची होती.

पुढील काही वर्षांतील त्याचे कार्य या जाणिवेतून उलगडते. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये बसून त्याने आंतोनिओ दे मोर्गाचा १६०९ मधील फिलिपीन्सविषयक ग्रंथ उतरून घेतला व आपल्या टीपांसह प्रसिद्ध केला. स्पॅनिश येण्यापूर्वीही आपल्या लोकांना संस्कृती होती, हे त्याला त्यातून दाखवावयाचे होते. तागालोगच्या लेखनपद्धतीत सुधारणा करण्याचाही त्याने पुरस्कार केला. १८९१ मध्ये बेल्जियममधील गेंट येथे ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ ही दुसरी कादंबरी निघाली. ती त्याने त्या तीन धर्मगुरूंना अर्पण केली. याच सुमारास कलांबातील कुळांना, त्याच्या कुटुंबासह, घरादारांतून हुसकावण्यात आले होते. तिसरी कादंबरी त्याने तागालोगमध्ये आरंभिली. काही पानांनंतर लेखणी पुन्हा स्पॅनिशकडे वळली आणि ती कादंबरी अपुरीच राहिली.

जून १८९२ मध्ये तो मायदेशी परतला. ३ जुलै रोजी त्याने सनदशीर मार्गाने चालणारी ‘ला लिगा फिलिपिना’ ही संघटना स्थापिली. ६ तारखेला त्याला अटक होऊन मिंदानाओ बेटावरील दापितान येथे हद्दपार करण्यात आले. ७ तारखेला आंद्रेस बोनिफासिओ व त्याच्या सहकाऱ्यांनी ‘काटिपुनान’ ही गुप्त क्रांतिसंघटना उभारली. दापितानच्या चार वर्षांत रिसालने मुलांची शाळा चालविली, गावाला नळाचे पाणी आणले, अंधांवर शस्त्रक्रिया केल्या. तिकडे काटिपुनानने त्याला न विचारता मानद अध्यक्ष केले होते. १८९६ मध्ये त्यांचा दूत उठावाला संमती मागावयास आला, तेव्हा पुरेशी शस्त्रसामग्री नसता उठाव करणे हा अविचार होय, असे मत रिसालने दिले. तरी ऑगस्टमध्ये उठाव झालाच. त्या वर्षी काटिपुनानने तागालोगमध्ये जे वृत्तपत्र काढले त्याचे नाव ‘कालायाआन’ होते. रिसालला भाषांतर करताना सापडलेल्या शब्दाचेच हे रूप होय.

क्यूबात लष्करी डॉक्टर म्हणून काम करण्याची परवानगी मिळवून तो निघाला असता वाटेतच त्याला कैद करून मनिलाला परत आणण्यात आले. उठावाचा निषेध करणारे निवेदन त्याने लिहून दिले; पण त्यात स्वातंत्र्याच्या ध्येयाचा त्याग नसल्याने अधिकाऱ्यांनी ते दडपून ठेवले. लष्करी न्यायालयाने २६ डिसेंबरला त्याला दोषी ठरविले व ३० डिसेंबर १८९६ रोजी बागुम्बायानवर गोळ्या घालण्यात आल्या. देशद्रोह्याप्रमाणे त्याला पाठमोरे उभे केले होते. कोसळताना त्याने देह वळविला. वय पस्तीस होते. स्पिरिटच्या दिव्यात दडवून त्याने बहिणींच्या हाती दिलेली चौदा कडव्यांची अखेरची कविताही स्पॅनिशमध्येच होती. तिला त्याने शीर्षक दिले नव्हते. तागालोगमध्ये ती आणली बोनिफासिओने, म्हणजे ज्याच्या उठावाला रिसालने संमती नाकारली होती त्यानेच.

१२ जून १८९८ रोजी स्वातंत्र्य घोषित झाले. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस स्पेनने दोन कोटी डॉलरना ही बेटे अमेरिकेच्या हवाली केली. पुन्हा युद्ध झाले, शाळांतून इंग्रजी आली आणि मान्य स्वातंत्र्यासाठी १९४६ पर्यंत थांबावे लागले. १९५६ च्या एका कायद्याने, कॅथलिक चर्चचा विरोध असतानाही, रिसालच्या दोन्ही कादंबऱ्या शिक्षणक्रमात आवश्यक ठरल्या. १९८७ च्या राज्यघटनेने फिलिपिनो व इंग्रजी या भाषांना अधिकृत स्थान दिले. स्पॅनिश त्यांत नाही. त्यामुळे राष्ट्राच्या या आद्य कादंबरीकाराला त्याचेच देशबांधव आज बहुतांशी भाषांतरातून वाचतात. यात त्याच्या कीर्तीचे उणेपण मानण्याचे कारण नाही. स्वातंत्र्य हा शब्दही त्याच्या हाती भाषांतराच्याच वाटेने आला होता.