ताऱ्याची खूण

आज मोटारसायकल हे वाहन लहानथोर सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. शेतावर निघालेला शेतकरी, शाळेत जाणारे गुरुजी, गावोगाव फिरणारा दूधवाला, सगळ्यांनाच ते हाताशी असते. कित्येक घरांत वडिलांनी जिवापाड जपलेली मोटारसायकल पुढे मुलगा चालवू लागतो. एके काळी वडिलांच्या पुढ्यात टाकीवर बसून हिंडलेला तो मुलगा मग थकलेल्या वडिलांना मागे बसवून गावातून फिरवून आणतो. बापलेकांनी मिळून एका यंत्राचा लळा लावून घ्यावा, ही गोष्ट या वाहनाच्या बाबतीत अगदी आरंभापासून घडत आली आहे. कारण पेट्रोलवर चालणारे पहिले दुचाकी वाहन एका पित्याने निर्माण केले आणि त्याची परीक्षा घेण्यासाठी त्याचा सोळा वर्षांचा मुलगा त्यावर स्वार झाला. त्या पित्याचे नाव गोटलीप डाइमलर आणि मुलाचे नाव पाउल.

गोटलीप डाइमलरचा जन्म १७ मार्च १८३४ रोजी जर्मनीच्या नैर्ऋत्य भागातील शोर्नडोर्फ या लहानशा गावी झाला. त्याचे वडील योहानेस हे भट्टीवर पाव भाजून विकण्याचा व्यवसाय करीत. आपल्या मुलाने शिकून गावच्या कचेरीत नोकरी धरावी आणि स्वस्थपणे जगावे, अशी त्यांची इच्छा होती. परंतु गोटलीपचे मन कागदांपेक्षा हत्यारांत अधिक रमे. अखेर १८४८ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो बंदुका घडवणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवारीस राहिला. चार वर्षांनी उमेदवारी संपली, तेव्हा आपल्या कसबाची साक्ष म्हणून त्याने दोन नळ्यांची पिस्तुले तयार करून दाखवली. लोखंडाला केसाइतकाही फरक न राहील अशा नेमकेपणाने आकार देण्याची सवय त्याच्या हाताला येथेच जडली आणि ती त्याला जन्मभर उपयोगी पडली.

परंतु बंदुका घडवण्यात आयुष्य घालवावे, असे काही त्याला वाटेना. एका यंत्रशाळेत काही वर्षे काम केल्यावर त्याने स्टुटगार्ट येथील तंत्रशिक्षणाच्या विद्यालयात १८५७ पासून दोन वर्षे अभ्यास केला. नंतर तो इंग्लंडात गेला आणि तेथील कारखान्यांत राबून त्याने यंत्रविद्येचे बारकावे जाणून घेतले. ते युग वाफेचे होते. परंतु वाफेच्या यंत्राला मोठा बंब लागे, कोळशाच्या राशी लागत आणि त्याची निगा राखण्यास माणसे लागत. लहान कारागिराला ते परवडणे शक्यच नव्हते. लहान, हलके आणि हवे तेव्हा सुरू करता येईल असे यंत्र निर्माण झाले पाहिजे, हा विचार डाइमलरच्या मनात मूळ धरू लागला.

जर्मनीत परतल्यावर रॉइटलिंगेन या गावी एका संस्थेच्या यंत्रशाळेची व्यवस्था त्याच्याकडे आली. अनाथ मुलांना आश्रय व शिक्षण देणारी ती संस्था होती. तेथेच विल्हेल्म मायबाख हा तरुण त्याच्या दृष्टीस पडला. विल्हेल्म दहा वर्षांचा असतानाच पोरका झाला होता आणि त्या संस्थेतच लहानाचा मोठा झाला होता. त्याची आकृती काढण्याची हातोटी आणि यंत्राचे मर्म ओळखणारी बुद्धी डाइमलरने अचूक हेरली. वयात बारा वर्षांचे अंतर असलेल्या या दोघांचे जे सख्य जमले, ते डाइमलरच्या मृत्यूपर्यंत टिकले.

१८६७ साली डाइमलरचा एमा हिच्याशी विवाह झाला. १८६९ साली पाउल आणि १८७१ साली आडोल्फ असे दोन पुत्र त्यांना झाले. लगेच १८७२ साली कोलोन शहराजवळच्या डॉइट्स येथील यंत्र कारखान्यात डाइमलरला मोठा हुद्दा मिळाला आणि त्याने मायबाखलाही तेथे नेले. याच काळात एक लहानशी गोष्ट घडली. डाइमलरने त्या गावाच्या चित्रावर, आपण राहत होतो त्या घराच्या वर, एक तारा काढला आणि ते चित्र पत्नीकडे पाठवले. एक दिवस हा तारा आपल्या स्वतःच्या कारखान्यावर उगवेल आणि आपले कल्याण करील, अशा आशयाचे चार शब्द त्याने त्यासोबत लिहिले होते. घरातील मुले तेव्हा अगदी लहान होती. परंतु त्या ताऱ्याची आठवण त्या घरात जपली गेली.

डॉइट्सच्या कारखान्यात निकोलाउस ओटो याने बनवलेली वायुयंत्रे तयार होत. दिव्यांसाठी गावात खेळवलेल्या ज्वलनशील वायूवर ती चालत. ती उत्तम होती, परंतु अतिशय जड आणि संथ होती. शिवाय वायूच्या नळाला जखडलेले यंत्र जागचे हलणार तरी कसे? वाहन ओढू शकेल असे वेगवान यंत्र करावे, असे डाइमलरला वाटे. या व इतर कारणांवरून त्याचे आणि ओटोचे पटेनासे झाले. शेवटी १८८२ साली डाइमलरने ती मोठ्या वेतनाची नोकरी सोडली आणि तो स्टुटगार्टजवळच्या कानश्टाट या गावी येऊन राहिला. त्या वेळी त्याचे वय अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. या वयात माणसे विसाव्याची भाषा बोलू लागतात. डाइमलरने मात्र आयुष्यभराची पुंजी पणाला लावून नव्याने आरंभ केला.

घराच्या बागेत झाडे जोपासण्यासाठी बांधलेले एक काचघर होते. तेच त्याने वाढवून आपली कर्मशाळा केली. तेथे तो आणि मायबाख रात्रंदिवस काम करीत. आपला शोध फुटू नये म्हणून ते कोणालाही आत येऊ देत नसत. बंद दाराआडून येणारा हातोड्यांचा आवाज ऐकून त्यांच्या माळ्यालाच संशय आला. हे दोघे खोटी नाणी पाडीत असावेत, असे त्याला वाटले आणि त्याने पोलिसांना वर्दी दिली, अशी कथा सांगतात. पोलिसांनी कर्मशाळा उघडून पाहिली, तेव्हा त्यांना यंत्राचे भाग आणि हत्यारे यांवाचून काहीच आढळले नाही.

या कर्मशाळेतच १८८३ साली त्यांचे पहिले वेगवान यंत्र तयार झाले. यंत्रात इंधन पेटवण्यासाठी त्यांनी एक साधी युक्ती योजली. धातूची एक बारीक नळी बाहेरून ज्योतीने सतत लाल तापवलेली असे. दट्ट्याने हवा व इंधनाची वाफ दाबली, की ते मिश्रण त्या तप्त नळीत शिरून आपोआप पेट घेई. जुनी यंत्रे मिनिटाला दीडशे-दोनशे फेरे घेत; हे यंत्र सहाशे फेरे घेऊ लागले. १८८५ साली त्याची लहान आवृत्ती तयार झाली. ती उभट असल्यामुळे जमिनीवर ठेवलेल्या लंबकाच्या घड्याळासारखी दिसे. तिची शक्ती अवघी अर्ध्या घोड्याची होती.

आता हे यंत्र वाहनावर बसवून पाहावयाचे होते. त्यासाठी त्यांनी लाकडाचा एक सांगाडा तयार केला. त्याला लोखंडी धावा चढवलेली लाकडी चाके एकापुढे एक लावली आणि तोल जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना एक एक लहान चाक जोडले. दोन चाकांच्या मध्ये यंत्र बसवले आणि बरोबर त्याच्यावर चामड्याचे खोगीर ठेवले. यंत्राची गती चामडी पट्ट्याने मागच्या चाकाला मिळे. या वाहनाचे वजन सुमारे नव्वद किलो होते. घोड्यावर बसावे तसे त्याच्यावर बसावयाचे म्हणून त्याला स्वारीची गाडी असे नाव मिळाले. २९ ऑगस्ट १८८५ रोजी डाइमलरने या वाहनाच्या हक्काची नोंदणी केली.

नोव्हेंबर महिना उजाडला. कर्मशाळेतून ते विचित्र लाकडी वाहन बाहेर आणण्यात आले. ज्या वाहनावर पूर्वी कोणी रस्त्याने गेले नव्हते, ते कसे वागेल हे कोण सांगणार? खोगिराखालीच ज्योत जळत होती आणि जवळच पेट्रोल होते. अशा वाहनावर स्वतःच्या मुलाला बसवताना पित्याच्या अंतःकरणात काय कालवाकालव झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. सोळा वर्षांचा पाउल खोगिरावर बसला, यंत्र फडफडू लागले आणि वाहन कानश्टाटहून निघाले. नेकार नदीच्या काठाने सुमारे तीन किलोमीटरांवर असलेल्या उंटरट्युर्कहाइम या गावाच्या दिशेने ते ताशी बारा किलोमीटर वेगाने धावू लागले. धावणारा मुलगाही त्याला सहज गाठू शकला असता. परंतु ती धाव घोड्याच्या किंवा माणसाच्या बळावर नव्हती, हेच तिचे मोठेपण होते. वाटेत तप्त नळीच्या आचेने खोगिराने पेट घेतला, असेही सांगतात. तरीही पाउल सुखरूप घरी परतला. या पहिल्या स्वारीचा मान काही लेखक मायबाखला देतात. इतर काही वृत्तांतांत मात्र तो पाउललाच दिलेला आहे.

डाइमलर दुचाकीवर थांबला नाही. पुढच्याच वर्षी त्याने आपले यंत्र चार चाकांच्या घोडागाडीला आणि नंतर नदीतील नावेलाही जोडले. १८८८ साली त्याच्या यंत्राच्या साहाय्याने एक बलून हवेत चालवण्यात आले. जमीन, पाणी आणि आकाश या तिन्ही ठिकाणी आपले यंत्र चालावे, ही त्याची आकांक्षा होती.

यशाच्या पाठोपाठ दुःखेही आली. १८८९ साली पत्नी एमा निवर्तली. १८९० साली त्याच्या नावाचा कारखाना उभा राहिला. परंतु भांडवल इतरांचे असल्यामुळे सत्ताही त्यांच्याच हाती गेली. आपल्याच नावाच्या कारखान्यात डाइमलर परका झाला. मतभेद विकोपास जाऊन मायबाख बाहेर पडला आणि काही काळाने डाइमलरलाही दूर व्हावे लागले. अतिश्रमाने त्याचे हृदय दुबळे झाले होते. वैद्यांच्या सल्ल्यावरून त्याला हवापालटासाठी इटलीत जावे लागले. तथापि मायबाखचे संशोधन त्याने खंडित होऊ दिले नाही. त्यांच्या नव्या यंत्राची कीर्ती इतकी पसरली, की १८९५ साली कारखान्याच्या चालकांना दोघांनाही सन्मानाने परत बोलवावे लागले. तोपर्यंत डाइमलरचे शरीर थकले होते. पाउल आता मोठा होऊन यंत्रविशारद झाला होता आणि १८९७ साली तोही कारखान्यात रुजू झाला. एके काळी पित्याच्या शब्दावर धोक्याच्या वाहनावर चढलेला मुलगा आता थकलेल्या पित्याच्या कामाला हातभार लावू लागला. ६ मार्च १९०० रोजी कानश्टाट येथे गोटलीप डाइमलरचे निधन झाले.

त्यानंतर तीन वर्षांनी, १९०३ साली, कानश्टाटच्या कारखान्याला भीषण आग लागली. पाउल ज्यावर प्रथम बसला होता, ती स्वारीची गाडीही त्या आगीत भस्मसात झाली. आज संग्रहालयांतून दिसतात, त्या तिच्या प्रतिकृती होत. नवा कारखाना उंटरट्युर्कहाइम येथे सुरू झाला. ज्या गावाकडे पित्याचे वाहन घेऊन पाउल प्रथम गेला होता, तेच हे गाव! १९०७ साली त्या कारखान्याचा मुख्य यंत्ररचनाकार म्हणून पाउलचीच नेमणूक झाली.

कारखान्याच्या मोटारींना मर्सिडीज हे नाव मिळाले होते. परंतु ओळखीची खूण अजून नव्हती. ती कोणती असावी, याचा शोध सुरू झाला. तेव्हा पाउल आणि आडोल्फ या दोघा भावांना वडिलांनी घराच्या चित्रावर काढलेला तारा आठवला. त्यांच्या सूचनेवरून १९०९ साली तीन टोकांच्या ताऱ्याची नोंद करण्यात आली. जमीन, पाणी आणि आकाश यांची ती तीन टोके, असा त्याचा अर्थ सांगतात. १९२६ साली डाइमलर आणि बेन्झ हे दोन कारखाने एक झाले, तरी तो तारा कायम राहिला. १९५४ साली टाटांनी त्या जर्मन कारखान्याच्या सहकार्याने जमशेदपूर येथे मालमोटारी बांधण्यास आरंभ केला, तेव्हा तो तारा त्या मालमोटारींवरून आपल्या देशातील घाटाघाटांतून फिरला. आज पुण्याजवळ चाकण येथे तयार होणाऱ्या मोटारींवरही तो झळकतो.

मुलांनो, स्वतःच्या कारखान्यावर उगवलेला तो तारा पाहण्याचे भाग्य गोटलीप डाइमलरला लाभले नाही. त्याने घडवलेले पहिले वाहन जळून गेले. परंतु त्याने सहज काढलेली ताऱ्याची खूण मुलांच्या स्मरणात जळाली नाही. पिता आपल्या मुलांना धन देतो, विद्या देतो. परंतु त्याने मनात बाळगलेली आशा ओळखणे आणि तो नसतानाही ती पूर्ण करणे, हे मुलांच्याच हाती असते. पाउल आणि आडोल्फ यांनी ते केले. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनीही असा एखादा तारा कोठे तरी काढून ठेवलेला असेल. ते आपल्याजवळ आहेत तोवर त्यांच्याशेजारी बसून तो पाहून घ्यावा.