राजा हॅराल्ड ब्ल्यूटूथ

डेन्मार्कचा राजा हॅराल्ड ‘ब्ल्यूटूथ’, म्हणजे निळ्या दांताचा, हा गोर्म राजाचा पुत्र. दहाव्या शतकांत त्यानें विखुरलेल्या डेन लोकांना एका छत्राखालीं आणलें, सुमारें ९६५ सालीं बाप्तिस्मा घेतला व येलिंग येथें मातापित्यांच्या स्मरणार्थ शिलालेख कोरविला. अखेर पुत्र स्वेन यानेंच बंड केलें. सुमारें ९८६ सालीं हॅराल्ड परागंदा होऊन वारला.

निरनिराळीं यंत्रें बिनतारी जोडणाऱ्या पद्धतीस १९९८ सालीं त्याचें नांव मिळालें. नवें यंत्र जुन्याशीं बहुधा जुन्याच्याच रीतीनें बोलतें. परंतु २०१० सालच्या चौथ्या आवृत्तींत आलेली अल्पशक्तीची रीत तेवढीच जाणणारें यंत्र जुन्याशीं बोलूं शकत नाहीं. मुलांनो, एका नांवानें वा एका कुळानें ऐक्य टिकत नाहीं. त्यास समान भाषा लागते.