मुलांच्या स्नायूंच्या आजाराला ज्यांचे नाव, ते ड्युशेन कोण?

मुलगा वारंवार पडतो, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकतो, पोटऱ्या फुगलेल्या दिसतात. अशा वेळी वाशिम असो वा मुंबई, डॉक्टरांना आधी ‘ड्युशेन’चीच शंका येते.

गियोम ड्युशेन यांचा जन्म १८०६ मध्ये फ्रान्समधील बुलोन बंदरातल्या दर्यावर्दी घराण्यात झाला. बाळंतपणानंतर पत्नी दगावली, मुलगा दुरावला. १८४२ मध्ये ते पॅरिसला परतले. रुग्णालयात नेमणूक नसतानाही विजेचे यंत्र घेऊन ते वॉर्डांत फिरत, रुग्ण तपासत. १८६८ मध्ये त्यांनी या आजाराच्या १३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. जिवंत रुग्णाच्या स्नायूचा बारीक तुकडा काढणारी सुईही त्यांनी बनवली. १८७५ मध्ये ते वारले, तोवर आजाराचे कारण अज्ञातच होते.

ते सापडले १९८६-८७ मध्ये: एक्स गुणसूत्रावरील डिस्ट्रोफिन जनुकातील बिघाड. आता रक्तात ‘सीपीके’ खूप वाढलेले दिसले, की रक्तावरच जनुकीय चाचणी होते; बहुतेक मुलांना सुई टोचून स्नायूचा तुकडा काढावा लागत नाही.

आजार पूर्ण बरा होत नाही. मात्र लवकर निदान झाल्यास औषधे, फिजिओथेरपी आणि हृदयाची तपासणी वेळेत सुरू होते. आई वाहक आहे का, हेही पुढच्या बाळाआधी कळते. म्हणून शाळा-अंगणवाडीत येणाऱ्या आरोग्य पथकाला ही लक्षणे जरूर सांगा.