नॅथॅनियल क्लाइटमन

नॅथॅनियल क्लाइटमन (जन्म: २६ एप्रिल १८९५, किशिनेव, मृत्यू: १३ ऑगस्ट १९९९, लॉस एंजेलिस) हे अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. त्यांना आधुनिक निद्रासंशोधनाचे जनक मानले जाते.

जीवन

क्लाइटमन यांचा जन्म तत्कालीन रशियन साम्राज्यातील एका ज्यू कुटुंबात झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ मध्ये, ते न्यूयॉर्कला पोहोचले. १९२३ साली त्यांनी शिकागो विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. जागरणाचे परिणाम हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता व त्यासाठी त्यांनी स्वतःही दीर्घ जागरणे केली. पुढे १९६० मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी याच विद्यापीठात अध्यापन व संशोधन केले. १९३९ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा 'स्लीप अँड वेकफुलनेस' हा ग्रंथ या विषयाचा आधारग्रंथ ठरला.

मॅमथ गुहेतील प्रयोग

झोपेची २४ तासांची लय सूर्यप्रकाशामुळे आहे की ती शरीरातच आहे, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. १९३८ मध्ये ते विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन यांच्यासह केंटकीतील मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले. तेथे दिवसाचा प्रकाश पोहोचत नव्हता व तापमान सुमारे १२ अंश सेल्सिअस होते. दोघांनी २८ तासांचा दिवस पाळला. तरुण रिचर्डसन यांच्या शरीराचे तापमान नव्या वेळापत्रकाशी जुळले. क्लाइटमन यांचे मात्र २४ तासांच्या लयीनेच कमीजास्त होत राहिले. प्रयोग निर्णायक ठरला नाही. तरीही स्वतःवरील अपयशासह सर्व नोंदी त्यांनी प्रसिद्ध केल्या. शरीरातील घड्याळाचे मुख्य केंद्र मेंदूत असल्याचे १९७२ मध्ये स्पष्ट झाले.

रेम निद्रेचा शोध

त्यांचे विद्यार्थी यूजीन ॲसेरिन्स्की यांना झोपेत डोळ्यांच्या जलद हालचाली आढळल्या. क्लाइटमन यांना प्रथम शंका होती. त्यांनी स्वतःच्या मुलीवर निरीक्षण करून खात्री करून घेतली. १९५३ मध्ये दोघांचा शोधनिबंध 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या अवस्थेत जागे केलेल्या व्यक्ती बहुधा स्वप्न पडत असल्याचे सांगत. झोप म्हणजे मेंदूची केवळ निष्क्रिय अवस्था, हा समज त्यामुळे मागे पडला. विल्यम डिमेंट यांच्यासह त्यांनी रात्रभरातील निद्राचक्रांचेही वर्णन केले.

उत्तरायुष्य

जागेपणीही सुमारे ९० मिनिटांचे विश्रांती-क्रियाशीलतेचे चक्र चालू असते, अशी कल्पना त्यांनी मांडली. तिच्याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. वयाच्या १०४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.