वुडलँड्सची आग आणि जनरल पर्सिव्हल

सिंगापूरहून जोहोर बाहरूकडे जाणाऱ्या मोटारींची रांग शनिवार-रविवारी वुडलँड्सच्या नाक्यावर तासन्‌तास ताटकळत असते. कॉजवेच्या अलीकडचा हा परिसर आज उंच इमारती, बाजार आणि मेट्रो स्थानकांनी गजबजलेला आहे. फेब्रुवारी १९४२ मध्ये येथे रबराचे मळे, खारफुटीच्या दलदली आणि तेलाच्या प्रचंड टाक्या होत्या. १० फेब्रुवारीच्या पहाटे ऑस्ट्रेलियन सॅपर्सनी त्या टाक्या फोडल्या, तेव्हा लक्षावधी गॅलन तेल उतारावरून वाहत खाडीत उतरले आणि पेटले. ओहोळांत आणि चिखलात अडकलेले जपानी इम्पिरियल गार्ड्सचे सैनिक त्या ज्वाळांत सापडले. मलायाच्या संपूर्ण मोहिमेत जपानी सेनेचा एक डिव्हिजन कमांडर खऱ्या अर्थाने डगमगला तो याच रात्री. मात्र त्याच सुमारास त्याच्यासमोरचे ऑस्ट्रेलियन सैन्य आपल्या जागा सोडून मागे निघाले होते.

या सैन्याचे सरसेनापती होते लेफ्टनंट जनरल आर्थर अर्नेस्ट पर्सिव्हल. पाच दिवसांनंतर बुकित तिमाच्या फोर्ड कारखान्यात त्यांनी शरणागतीच्या कागदावर सही केली आणि ब्रिटिश इतिहासातील सर्वांत मोठ्या लष्करी शरणागतीशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले. उंच, किडकिडीत, पुढे आलेल्या दातांचा आणि ढगळ अर्ध्या विजारीतला तो माणूस पांढऱ्या निशाणामागे चालत जाताना छायाचित्रांत दिसतो. त्या छायाचित्रांवरून त्यांना भित्रे, मवाळ ठरविणे सोपे गेले. त्यांचा आधीचा इतिहास मात्र या चित्राशी मुळीच जुळत नाही.

पर्सिव्हल यांचा जन्म २६ डिसेंबर १८८७ रोजी इंग्लंडच्या हर्टफर्डशर परगण्यातील ॲस्पेंडन येथे झाला. रग्बी शाळेत शिकून ते लंडनमध्ये लोहखनिजाचा व्यापार करणाऱ्या एका पेढीत कारकून म्हणून लागले. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा त्यांनी वयाच्या २६व्या वर्षी साधा शिपाई म्हणून नाव नोंदवले. सॉमच्या लढाईत ते तोफगोळ्याच्या तुकड्यांनी जखमी झाले. मिलिटरी क्रॉस, फ्रान्सचा क्र्वा द गेर आणि डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर ही पदके त्यांनी रणांगणावर मिळवली. १९१९ मध्ये उत्तर रशियातील अर्खांगेल्स्कच्या मोहिमेत त्यांना डीएसओ दुसऱ्यांदा मिळाली. पुढे आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात एसेक्स रेजिमेंटचे गुप्तवार्ता अधिकारी म्हणून त्यांनी बंडखोरांचा असा पाठलाग केला की आयरिश गनिमांनी त्यांना ठार मारण्याचे प्रयत्न केले. कैद्यांचा छळ केल्याचे आरोपही आयरिश बाजूने त्यांच्यावर झाले. वैयक्तिक धैर्याचा अभाव हा त्यांच्या दोषांपैकी एक नव्हे, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

यानंतरची त्यांची वाटचाल मुख्यतः टेबलावरची झाली. कॅम्बर्लीच्या स्टाफ कॉलेजात ते आधी विद्यार्थी आणि नंतर शिक्षक होते. आखणी, टिपण, अंदाज यांत त्यांचा हातखंडा होता. जनरल जॉन डिल यांची त्यांच्यावर विशेष मर्जी होती. मोठ्या सैन्याचे प्रत्यक्ष लढाईत नेतृत्व करण्याची वेळ मात्र त्यांच्यावर आली नाही.

१९३६ मध्ये ते मलायात जनरल डॉबी यांचे स्टाफ अधिकारी म्हणून आले. सिंगापूरच्या संरक्षणाची तोवरची सारी कल्पना समुद्राकडे पाहणारी होती. उत्तरेचे जंगल शत्रूला ओलांडता येणार नाही, असा सर्वसाधारण समज होता. १९३७ मध्ये पर्सिव्हल यांनी जपानी बाजूने विचार करून हल्ल्याचा आराखडा मांडला. थायलंडच्या सोंगख्ला व पट्टानी येथे आणि मलायाच्या कोटा भारू येथे सैन्य उतरेल, ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळातही ते उतरू शकेल, आणि मग ते द्वीपकल्पातून दक्षिणेकडे चालून येईल, असे त्यांचे अनुमान होते. ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी सैन्य याच तीन ठिकाणी उतरले. ज्या सेनापतीला पुढे आंधळा म्हटले गेले, त्याने चार वर्षे आधी शत्रूची वाट जवळजवळ अचूक रेखाटली होती. तोफा चुकीच्या दिशेला रोखल्या होत्या म्हणून सिंगापूर पडले, ही कथा आजही पर्यटकांना सांगितली जाते. तीत तथ्य थोडे आहे. त्यांपैकी कित्येक तोफा जमिनीकडे वळत होत्या. त्यांच्याजवळचा दारूगोळा मात्र बहुतांशी जहाजांचे चिलखत फोडण्यासाठी बनविलेला होता.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर पर्सिव्हल काही काळ फ्रान्समध्ये आणि मग इंग्लंडच्या बचावाच्या कामात होते. डंकर्कनंतरच्या त्या उन्हाळ्यात जर्मन स्वारीच्या भीतीने ब्रिटनने आगीला शस्त्र बनविण्याचे प्रयोग सुरू केले होते. जुलै १९४० मध्ये त्यासाठी पेट्रोलियम वॉरफेअर डिपार्टमेंट हे स्वतंत्र खाते स्थापन झाले. रस्त्यालगत पुरलेली पिंपे पेटवून शत्रूवर ज्वाळा सोडणे, किनाऱ्याजवळच्या पाण्यावर तेल पसरून ते पेटविणे, असे उपाय तेथे तपासले गेले. पाण्यावरचे तेल पेटविणे वाटते तितके सोपे नसते. जड इंधन तेल थंड पाण्यावर सहसा धड पेट घेत नाही; पेट्रोल पेटते, पण पटकन जळून संपते; उघड्या समुद्रात लाटा आणि प्रवाह दोन्हींना पांगवतात. अरुंद, वाऱ्यापासून आडोशाची, मंद प्रवाहाची खाडी मात्र या कामाला अनुकूल असते. क्रांजी आणि मंडाईचे ओहोळ नेमके तसे होते.

मे १९४१ मध्ये पर्सिव्हल मलायाचे सरसेनापती म्हणून सिंगापुरात परतले. हाती आलेली सामग्री अपुरी होती, यात शंका नाही. ३३६ विमानांची गरज मानली गेली होती. युद्ध सुरू झाले तेव्हा त्यांच्या निम्मीही नव्हती, आणि होती त्यांतली बरीच जुनाट होती. रणगाडा तर एकही नव्हता. जवळजवळ निम्मे सैन्य भारतीय होते. भारतीय सेनेचा विस्तार घाईने झाल्यामुळे तिच्या अनुभवी पलटणींतील अधिकारी आणि जुने जवान नव्या तुकड्या उभारण्यासाठी काढून घेतले गेले होते. नुकतीच भरती झालेली, जंगल न पाहिलेली पोरे येथे पाठवली गेली. १० डिसेंबरला प्रिन्स ऑफ वेल्स आणि रिपल्स या युद्धनौका बुडाल्या. ७ जानेवारीला स्लिम नदीवर जपानी रणगाड्यांनी ११व्या भारतीय डिव्हिजनची वाताहत केली. ३१ जानेवारीला शेवटचे सैन्य बेटावर आले आणि कॉजवे सुरुंगाने फोडण्यात आला.

येथवरच्या अपयशाचा बराचसा भाग लंडनच्या खात्यावर मांडता येतो. त्यापुढचा तितक्या सहजपणे मांडता येत नाही. २६ डिसेंबरच्या रात्री, पर्सिव्हल यांच्या ५४व्या वाढदिवशी, मुख्य अभियंता ब्रिगेडियर आयव्हन सिम्सन त्यांच्याकडे आले होते. बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर तातडीने तारांची कुंपणे, सुरुंग आणि अडथळे उभारण्याचा आग्रह त्यांनी धरला. सामान होते, माणसेही मिळण्याजोगी होती. पर्सिव्हल यांनी नकार दिला. अशा बांधकामांनी सैन्याचे आणि नागरिकांचे मनोधैर्य खचेल, असे त्यांना वाटत होते. हल्ला उत्तरेकडून येणार हे प्रथम लिहिणाऱ्या माणसानेच उत्तर किनारा उघडा राहू दिला, हे कोडे त्यांच्या चरित्रकारांना आजतागायत छळत आले आहे. कॅम्बर्लीच्या वर्गातील हुशार विद्यार्थी आणि रणांगणावरील सेनापती यांतले अंतर त्या एका नकारात दिसते.

बेटावर आल्यानंतर हल्ला ईशान्येकडून होईल, असा त्यांचा अंदाज झाला. त्यामुळे नव्याने आलेले ब्रिटिश १८वे डिव्हिजन त्या बाजूला राहिले. वायव्येचा लांबलचक, दलदलीचा किनारा एकट्या २२व्या ऑस्ट्रेलियन ब्रिगेडच्या वाट्याला आला. ८ फेब्रुवारीच्या रात्री यामाशितांच्या दोन डिव्हिजन नेमक्या तेथेच उतरल्या. शोधदिवे लावले गेले नाहीत. तोफखान्याशी जोडणाऱ्या दूरध्वनीच्या तारा गोळाफेकीत तुटल्या होत्या. दुसऱ्या रात्री इम्पिरियल गार्ड्सने क्रांजी नदी आणि कॉजवे यांच्या मधल्या किनाऱ्यावर पाऊल ठेवले. तेथे ब्रिगेडियर डंकन मॅक्सवेल यांची २७वी ऑस्ट्रेलियन ब्रिगेड होती. मॅक्सवेल नागरी जीवनात डॉक्टर होते. डावी बाजू उघडी पडेल या धास्तीने त्यांनी मागे सरण्याचे ठरवले आणि वुडलँड्सच्या टाक्या नष्ट होताच निघायचे, असा बेत केला.

म्हणजे ती आग मुळात शस्त्र म्हणून योजलेलीच नव्हती. तेल शत्रूच्या हाती पडू नये, एवढाच हेतू होता. परंतु तेल उतरले ते नेमके गार्ड्स जेथे रुतले होते तेथे. आघाडीची तुकडी ज्वाळांत संपूर्ण नष्ट झाल्याचे वृत्त गार्ड्सचे सेनापती निशिमुरा यांच्यापर्यंत पोचले आणि त्यांनी यामाशितांकडे हल्ला रद्द करण्याची परवानगी मागितली. यामाशिता संतापले. चौकशीअंती हानी सांगितली गेली त्याहून बरीच कमी असल्याचे निष्पन्न झाले. जाळणाऱ्या शस्त्रांचा हा विशेष युद्धाच्या इतिहासात वारंवार आढळतो: प्रत्यक्ष हानीपेक्षा त्यांची दहशत मोठी असते, आणि ती दहशत फार थोडा वेळ टिकते. त्या थोड्या वेळात समोरचा सेनापती काय करतो, यावर सारे अवलंबून असते. क्रांजीला त्या वेळी काही करण्यासाठी कोणी उरलेच नव्हते. उजेड झाल्यावर गार्ड्स पुढे सरकले तेव्हा कॉजवेचे तोंड मोकळे होते. शेजारच्या ११व्या भारतीय डिव्हिजनला आपली बाजू उघडी पडल्याचे उशिरा कळले आणि त्या टेकड्या परत घेण्यासाठी भारतीय तुकड्यांना पुढे धाडावे लागले. कॉजवेचे भगदाड बुजवून जपानी रणगाडे आणि तोफा थोड्याच दिवसांत बेटावर आल्या.

त्या रात्रीचा दोष पर्सिव्हल यांच्या एकट्याचा नव्हता, परंतु त्या रात्री काय बिघडले हे त्यांच्या कारकिर्दीत पुन्हा पुन्हा दिसते. त्याच सुमारास त्यांनी शहराभोवतीच्या शेवटच्या बचावरेषेची एक गोपनीय योजना हाताखालच्या सेनापतींना कळवली. ती केवळ गरज पडल्यास अमलात आणायची होती. २२व्या ब्रिगेडचे ब्रिगेडियर टेलर यांनी तो मागे हटण्याचा आदेश समजला, आणि जुरोंगची रेषा त्यामुळे ढासळली. पर्सिव्हल यांची टिपणे मुद्देसूद असत. लढाईच्या धुमाळीत थकलेला ब्रिगेडियर ती कशी वाचील, याचा विचार त्यांत नसे. ऑस्ट्रेलियन सेनापती गॉर्डन बेनेट यांच्यासारख्या हट्टी सहकाऱ्याला ठाम शब्दांत बांधून ठेवणे त्यांना जमले नाही. समोर यामाशिता होते, जे स्वतःच्या डिव्हिजन कमांडरचा भेदरलेला निरोप तपासल्याशिवाय खरा मानत नव्हते.

तेलाच्या काळ्या धुराने पुढचे दिवस शहरावर छत धरले. बुकित तिमा पडले, जलाशय गेले, बाँबहल्ल्यांनी फुटलेल्या नळांतून पाणी रस्त्यावर वाहून जाऊ लागले. १५ फेब्रुवारीच्या सकाळी फोर्ट कॅनिंगखालच्या भुयारी बॅटलबॉक्समध्ये पर्सिव्हल यांनी सहकाऱ्यांची बैठक घेतली. प्रतिहल्ल्याला कोणी तयार नव्हते. यामाशितांकडे तेव्हा सुमारे ३० हजार माणसे आणि संपत आलेला दारूगोळा होता. पर्सिव्हल यांच्या हाताखालचे सैन्य त्याच्या दुपटीहून मोठे होते. शत्रूची टंचाई त्यांना ठाऊक नव्हती. शहरात कोंडलेल्या लाखो नागरिकांचे पाणी तुटत चालल्याचे मात्र समोर दिसत होते. त्या संध्याकाळी त्यांनी सही केली. या शरणागतीने नागरिकांचा जीव वाचला, असे सरसकट म्हणता येत नाही. काही दिवसांतच जपान्यांनी चिनी वस्त्यांतील हजारो पुरुषांना वेगळे काढून ठार मारले. १७ फेब्रुवारीला फॅरर पार्कच्या मैदानावर भारतीय युद्धकैद्यांना त्यांच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांपासून वेगळे करून जपान्यांच्या स्वाधीन करण्यात आले. तेथून आझाद हिंद सेनेचा पहिला अध्याय सुरू झाला. सेरंगून रोडवर आज खरेदीला जाणारे भारतीय त्या मैदानाच्या शेजारून जातात.

पर्सिव्हल यांनी चांगी, फोर्मोसा आणि मांचुरिया येथील छावण्यांत साडेतीन वर्षे काढली. सुटका होताच २ सप्टेंबर १९४५ रोजी मिसुरी या युद्धनौकेवर जपानच्या शरणागतीच्या वेळी ते मॅकआर्थर यांच्या मागे उभे होते. दुसऱ्या दिवशी फिलिपिन्समधील बागिओ येथे यामाशितांच्या शरणागतीलाही ते हजर राहिले. कैद्यांच्या हालअपेष्टांची चीड मनात असल्याने त्यांनी हस्तांदोलन नाकारले. यामाशितांना फेब्रुवारी १९४६ मध्ये युद्धगुन्हेगार म्हणून फाशी देण्यात आली.

या हुद्द्यावरून निवृत्त होणाऱ्या सेनापतीला सहसा मिळणारा सर हा किताब पर्सिव्हल यांना मिळाला नाही. १९४९ मध्ये त्यांनी मलायाच्या युद्धावर पुस्तक लिहिले. ते संयमित, काहीसे कोरडे आहे, आणि त्यांत हाताखालच्यांवर दोष ढकलण्याचा मोह त्यांनी बराच टाळला आहे. माजी युद्धकैद्यांच्या संघटनेचे ते आजीव अध्यक्ष झाले. गोठविलेल्या जपानी मालमत्तेतून कैद्यांना भरपाई मिळावी म्हणून त्यांनी चिकाटीने झगडा दिला. क्वाय नदीवरील पुलाचा प्रसिद्ध चित्रपट निघाला तेव्हा ती कथा काल्पनिक असल्याचे पडद्यावर सांगितले जावे, असा त्यांचा आग्रह होता. ज्या सैनिकांना त्यांनी शत्रूच्या हवाली केले, त्यांच्यातच त्यांना अखेरपर्यंत मान मिळाला.

३१ जानेवारी १९६६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. हर्टफर्डशरमधील विडफर्डच्या चर्चच्या आवारात त्यांचे दफन झाले. लंडनच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्समधील स्मृतिसभेत प्रवचन दिले ते सिंगापूरचे माजी बिशप लेनर्ड विल्सन यांनी, ज्यांनी स्वतः जपानी लष्करी पोलिसांच्या कोठडीत छळ सोसला होता.