लोकमान्य आणि निमित्तमात्राचे रहस्य

श्रीमद्भगवद्गीतेच्या अकराव्या अध्यायाशी येताच पुष्कळ भाविकांचे मन थबकते. युद्धाला आरंभही झालेला नाही, तोच अर्जुनाला विश्वरूपात भीष्म, द्रोण व कर्ण काळाच्या विक्राळ मुखात शिरताना दिसतात. हे वीर पूर्वीच मारले गेले आहेत, तू केवळ निमित्त हो, असे भगवान त्याला सांगतात. होणारे सारे ठरलेलेच असेल, तर मनुष्याने खटाटोप कशासाठी करावा? या कठीण प्रश्नाचे उत्तर लोकमान्य टिळकांच्या चरित्रात सापडते.

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. १८७२ साली वडील गंगाधरपंत अखेरच्या दुखण्यात असताना गीतेवरील भाषाविवृति नावाची प्राकृत टीका त्यांना वाचून दाखविण्याचे काम सोळा वर्षांच्या बाळकडे आले. त्या वयात अर्थ पुरता उमगणे शक्य नव्हते. परंतु मनावर झालेला संस्कार पुसला गेला नाही. पुढे निरनिराळ्या टीका वाचताना त्यांना शंका येई की, लढावे की नाही असे विचारणाऱ्या अर्जुनाला भगवंतांनी केवळ ज्ञान किंवा भक्तीच का सांगावी? अखेर टीका बाजूस ठेवून त्यांनी मूळ गीतेचेच पुनःपुन्हा पारायण केले.

२२ जुलै १९०८ च्या रात्री, बावन्नाव्या वाढदिवसाच्या पूर्वसंध्येस, मुंबईच्या हायकोर्टात 'केसरी'तील लेखांबद्दल त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ज्यूरीच्या नऊ पंचांपैकी सात जणांनी त्यांना दोषी ठरविले होते. तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले की, या न्यायासनाहून श्रेष्ठ शक्ती जगाचे नियंत्रण करीत असून, आपल्या कष्टांनीच अंगीकृत कार्य वाढावे अशी ईश्वराची इच्छा असेल. निमित्तमात्र होणे म्हणजे काय, हे त्या क्षणी त्यांच्या आचरणात दिसले.

ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात, मधुमेहाने शरीर पोखरलेले असताना, १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहून काढले. अकराव्या अध्यायातील त्या वचनाचा उलगडा त्यांनी कर्मविपाकाच्या आधारे केला. युद्धापूर्वी श्रीकृष्ण शिष्टाईस गेले, तेव्हा सारे क्षत्रिय कालपक्व झाल्याचे भीष्मांनी जाणले होते. दुष्टाचा नाश त्याच्याच कर्माने होतो. कर्तव्य म्हणून लढणारा केवळ निमित्त ठरतो. मात्र हे वचन आळशाचे किंवा क्रूराचे निमित्त होऊ शकत नाही. मनात द्वेष अथवा फलाशा असेल, तर मनुष्य निमित्तमात्र न राहता कर्ता होतो व कर्माच्या बंधनात सापडतो.

या अर्थाची कसोटी लवकरच लागली. थोरला पुत्र विश्वनाथ १९०३ साली प्लेगने गेला होताच. १९१२ साली पत्नी सत्यभामाबाई पुण्यास निवर्तल्या, आणि ती वार्ता मंडालेस तारेने आली. अखेरची भेटही घडली नाही. तरीही लोकमान्यांचे अध्ययन सुटले नाही. जून १९१४ मध्ये सुटका झाल्यावर ग्रंथाची हस्तलिखिते काही काळ सरकारच्याच ताब्यात राहिली. ती परत मिळाल्यावर १९१५ साली 'गीतारहस्य' प्रसिद्ध झाले. त्यानंतर होमरूलच्या चळवळीत झटत असतानाच १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईस त्यांचा देह पडला; स्वराज्य त्यांना पाहावयास मिळाले नाही.

फळ दिसले नाही म्हणून कर्म वाया गेले, असे मात्र कोण म्हणेल? घर रत्नागिरीचे असो वा दिल्लीच्या सरोजिनी नगरातील, आजारपण, वियोग आणि अपयश प्रत्येक उंबरठ्याशी येतात. पुढे काय होणार हे काळाच्या हाती आहे. आज समोर आलेले कर्तव्य निर्मळ मनाने करणे मात्र आपल्या हाती आहे. विश्वरूप पाहिल्यावरही अर्जुनाला धनुष्य उचलावेच लागले, हे गृहस्थाने विसरू नये.