हॉर्नबीचा बांध आणि जिओटेक्सटाइल: समुद्र अडवायचा म्हणजे काय करायचं?

विल्यम हॉर्नबी १७७१ ते १७८४ या काळात ईस्ट इंडिया कंपनीचा मुंबईतला गव्हर्नर होता. शाळेच्या इतिहासात त्याची गाठ पडते ती मराठ्यांशी झालेल्या युद्धात. राघोबादादांशी १७७५ चा सुरतेचा तह झाला तेव्हा गव्हर्नर हाच, आणि १७७९ मध्ये वडगावला कंपनीच्या फौजेची नाचक्की झाली तेव्हाही हाच. पण मला तो महत्त्वाचा वाटतो एका बांधामुळे.

तेव्हा महालक्ष्मी आणि वरळीच्या मध्ये मोठी खिंड होती. भरतीचं पाणी तिथून आत शिरायचं आणि भायखळ्याच्या बाजूची सखल जमीन बुडायची. हॉर्नबीच्या काळात ही खिंड दगडी बांध घालून बुजवली. तोच हॉर्नबी वेलार्ड, म्हणजे हाजी अलीजवळचा आजचा लाला लजपतराय मार्ग. वेलार्ड हा शब्द पोर्तुगीजमधून आला, अर्थ बांध किंवा कुंपण.

आख्यायिका अशी, की बांध सारखा ढासळायचा. मग काम बघणाऱ्या रामजी शिवजी प्रभूंच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातून मूर्ती वर काढल्या आणि बांध टिकला. महालक्ष्मीच्या देवळाची कथा हीच.

श्रद्धा आपल्या जागी, पण समुद्रातला बांध ढासळतो कसा, हे समजून घेण्यासारखं आहे. लाटांचा मार तर असतोच. त्याहून छुपा शत्रू म्हणजे दगडांच्या फटींतून आत-बाहेर करणारं पाणी. प्रत्येक ओहोटीला ते मागची थोडी माती घेऊन जातं. आत पोकळी होते आणि एक दिवस वरचा भाग खचतो. भिंत पूर्ण बंद केली तर मागे पाणी साचून तिलाच ढकलतं. म्हणजे पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची.

जुना उपाय म्हणजे मोठे दगड, त्यांच्यामागे लहान दगड, मग खडी, मग वाळू. आज यातले बरेचसे थर एक कापड वाचवतं: जिओटेक्सटाइल. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचं, विणलेलं किंवा नमद्यासारखं दाबलेलं. फोनच्या स्पीकरवरची जाळी आठवा. आवाज बाहेर येतो, धूळ आत जात नाही. छिद्रं किती बारीक हवीत, ते मागच्या मातीच्या कणांवरून ठरतं. फार मोठी असली तर माती निसटते, फार बारीक असली तर ती तुंबतात. रस्त्याखाली हेच कापड खडी चिखलात रुतू देत नाही. उन्हात मात्र ते खराब होतं, म्हणून लवकर झाकावं लागतं. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे समुद्रात अंथरताना वजन ठेवावं लागतं.

हॉर्नबी पुढे इंग्लंडला परतला आणि १८०३ मध्ये वारला. फोर्टातल्या हॉर्नबी रोडला आज आपण दादाभाई नौरोजी रोड म्हणतो.

बांधामुळे समुद्र बाहेर राहिला, जमीन मात्र सखलच राहिली. पुढे गिरणगाव वाढलं, चाळी उभ्या राहिल्या. आजही मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले, की नाल्यांचं पाणी समुद्रात उतरत नाही. मग हाजी अली आणि वरळीच्या पंपांना ते उपसून बाहेर टाकावं लागतं. कापड माती धरून ठेवतं, जमिनीची उंची वाढवत नाही. पुढच्या पावसाळ्यात हिंदमाताला गुडघाभर पाणी दिसलं, तर ही अडीचशे वर्षांची गोष्ट अजून चालू आहे असं समजा.